दहावीच्या गणिताची मोफत साइट चालवताना: चुकलेल्या उत्तरांचं काय करायचं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, बागकामाच्या धाग्यांवर अधूनमधून लिहितेही. आज कामाचं विचारायचं आहे. अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी एकोणीस वर्षं गणित शिकवलं. २०१८ मध्ये दहावीची पुस्तकं बदलली. भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुणांचा पेपर. २०१९ च्या उन्हाळी सुट्टीत मी नववी-दहावीसाठी एक साधी साइट सुरू केली. मराठीत, फुकट, लॉगिन नाही. तेव्हा कल्पना एवढीच होती की वर्गात फळ्यावर लिहिलेलं घरी पुन्हा बघता यावं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अचानक आपल्या तालुक्याबाहेरची मुलं येऊ लागली. रात्री आठनंतर, म्हणजे वडील कामावरून आले की. घरात फोन एकच आणि तो वडिलांच्या खिशात. त्यावरून मी व्हिडिओंचा नाद सोडला. पान उघडायला वेळ लागला तर त्या मुलाचा आजचा अभ्यास बुडाला, असं धरून चालते.

आता मुद्द्याचं. साइटवर सोडवलेली उदाहरणं आहेत, पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती उत्तराची चौकट. मूल उत्तर टाइप करतं. चुकलं तर नुसतं 'चूक' असं दिसत नाही. त्या चुकीच्या आकड्यामागे बहुधा काय झालं असेल ते सांगणारी दोन ओळींची सूचना येते. उदाहरणार्थ ३ क्ष = १२ (पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं, इथे क्ष लिहिते). कितीतरी मुलं ९ लिहितात. का? तर 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे आम्हीच त्यांना घोकायला लावलेलं असतं. तीन पलीकडे गेला, वजा झाला, बारातून तीन गेले, नऊ. मुलानं नियम पाळलेला आहे! त्याला 'चूक' म्हणून काय मिळणार? त्याला सांगावं लागतं की काहीच पलीकडे जात नाही, आपण दोन्ही बाजूंना ३ ने भागतो.

किंवा अंकगणिती श्रेढीतलं हे: ७ ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती? १४ पासून ९८ पर्यंत. ९८ वजा १४ म्हणजे ८४, भागिले ७, बारा. उत्तर १३ आहे, पण १२ लिहिणारी मुलं आळशी नसतात. त्यांनी उड्या मोजल्या, संख्या मोजल्या नाहीत. तिथे मी कुंपणाच्या खांबांचं चित्र टाकलं आहे: तेरा खांब, मधली अंतरं बारा.

अशा सूचना लिहायला एका उदाहरणाला एक संध्याकाळ जाते. आधी चुका गोळा कराव्या लागतात, मग त्या मुलाच्या डोक्यात शिरावं लागतं. हे काम एकटीच्यानं उरकत नाही आता. मागच्या महिन्यात एका खाजगी क्लासवाल्यांनी विचारलं की साइट आम्हाला द्या किंवा निदान प्रत्येक पानावर आमची जाहिरात लावा, पैसे देऊ. मी अजून नाही म्हटलेलं नाही. त्या पैशातून कोणाला तरी मदतीला घेता येईल. पण मन तयार होत नाही. तुम्ही काय कराल?

---

आडवाटेचा

आधी मनापासून आभार. माझ्या पुतणीनं ही साइट वापरली असावी असं वर्णनावरून वाटतंय.

माझं स्पष्ट मत: जाहिरात घ्या. पैशाला इतकं बिचकायचं कारण नाही. उद्या तुम्ही थकून साइट बंद केलीत तर मुलांचं जे नुकसान होईल, ते पानाच्या कडेला एक चौकोन दिसल्यामुळे होणाऱ्या नुकसानापेक्षा फार मोठं असेल. वर्तमानपत्रंही जाहिरातींवरच चालतात.

---

ओसरी

आडवाटेचा, तुमच्याशी अर्धा सहमत. साइट टिकायला हवी हे खरंच. पण खर्च नेमका कशाचा आहे ते बघू. मी याच क्षेत्रात नोकरी करतो म्हणून लिहितो.

लॉगिन नाही आणि उत्तरं तपासायचं काम ब्राउझरमध्येच होतं, म्हणजे ही नुसती पानं आहेत. मागे डेटाबेस नाही. अशी साइट गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकट ठेवता येते. राहिलं डोमेनचं (साइटच्या पत्त्याचं) वार्षिक भाडं, ते एखाद्या घरच्या जेवणाच्या बेताएवढं. म्हणजे पैसा कमी पडतोय तो सर्व्हरला नाही. तुमच्या संध्याकाळी कमी पडताहेत.

जाहिरातीचं म्हणाल तर २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा वाचा. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण 'मूल' आहे. मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नेहमीची जाहिरात-जाळी नेमकं तेच करतात. तुमचे सगळेच वाचक चौदा-पंधरा वर्षांचे. आज तुम्ही कोणाचं नावही विचारत नाही, ही तुमची मोठी सुरक्षितता आहे. ती घालवू नका.

एक प्रश्न: साइटचा पासवर्ड तुमच्याशिवाय कोणाकडे आहे?

---

पाटीपेन्सिल

कोणाकडेच नाही. हे वाचून पोटात खड्डा पडला, खरं सांगते.

माहिती घेण्याबद्दल: सूचनेखाली एक बटण आहे, 'हे कुठे चुकलं ते अजून कळलं नाही'. ते दाबलं की मुलानं टाइप केलेला आकडा, उदाहरणाचा क्रमांक आणि खालच्या रिकाम्या ओळीत त्यानं काही लिहिलं असेल तर ते, एवढंच माझ्याकडे येतं. नाव, गाव, काही नाही. पुढची सूचना मी त्या आकड्यांवरूनच लिहिते.

---

डोंगरवाट

मी नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी तालुक्यातल्या आश्रमशाळेवर आहे. ताई, तुमची पानं मी वापरतो. उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी गेलो की सगळी पानं पेनड्राइव्हवर उतरवून आणतो आणि शाळेतल्या संगणकावर टाकतो. चालतात. फक्त उत्तराची चौकट कधी कधी चालत नाही, ती इंटरनेट मागते.

आमची मुलं घरी पावरी, भिलोरी बोलतात. मराठी त्यांची शाळेची भाषा. म्हणून एक विनंती. उदाहरणातली वाक्यं तोडा. 'एका आयताकृती बागेची लांबी तिच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ मीटरने कमी असून...' हे वाक्य संपेपर्यंत बाग हरवते. मी फळ्यावर असं लिहितो: बाग आयताकृती आहे. रुंदीची दुप्पट करा. त्यातून ३ मीटर काढा. ती लांबी. मग तीच मुलं समीकरण बरोबर मांडतात. बीजगणित त्यांना येत होतं, अडत होतं ते वाक्यापाशी.

परीक्षेत लांब वाक्यच येणार हे मला माहीत आहे. म्हणून आधी तोडलेलं, मग जोडलेलं, असं दोन्ही द्या.

---

पाटीपेन्सिल

सर, हे मला सात वर्षांत सुचलं नाही. 'बाग हरवते' हे अगदी खरं आहे. तोडलेलं आणि जोडलेलं दोन्ही देईन. ओसरी, चौकट इंटरनेटशिवाय चालेल असं करता येईल का?

---

ओसरी

येईल. गणिती चिन्हं दाखवणारा भाग बहुधा बाहेरून येत असणार, तो साइटच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. एका रविवारचं काम. मी करतो. सगळ्या साइटची एक झिप फाइल पहिल्या पानावर ठेवू, म्हणजे सरांना एकेक पान उतरवायला नको.

---

वाळवंट

मी लहानपणापासून पूर्ण अंध आहे. गणितात मला रस होता आणि आहे, पण बहुतेक मराठी गणिताच्या साइट माझ्यासाठी कोऱ्या असतात. कारण समीकरण म्हणजे फोटो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हणतो 'चित्र' आणि पुढे जातो. तुमची समीकरणं टाइप केलेली असतील तर निम्मं काम झालं. आकृतीखाली दोन वाक्यांत वर्णन द्या: कोणता कोन काटकोन आहे, लंब कुठून कुठे टाकलाय, कोणती बाजू किती.

आणखी एक. दहावीला मला लेखनिक मिळाला होता. त्याला समीकरण तोंडी सांगायचं म्हणजे 'अ अधिक ब चा वर्ग' म्हणून भागत नाही. वर्ग एकट्या ब चा की पूर्ण कंसाचा? मला 'कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, त्याचा वर्ग' असं बोलायची सवय लावून घ्यावी लागली. आणि त्या सवयीमुळे माझी एक चूक कायमची गेली, जी डोळस मुलं वर्षानुवर्षं करतात: कंसाचा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग. मधलं २ अब जातं कुठे? ते बोलताना जातं. प्रत्येक सूत्राखाली ते मोठ्यानं कसं म्हणायचं तेही लिहा, एवढंच मागणं.

---

पाटीपेन्सिल

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काही जुन्या पानांवर समीकरणं खरंच फोटो आहेत, वहीत लिहून काढलेले. ती पानं आधी घेते. आणि 'मोठ्यानं असं म्हणा' ही ओळ प्रत्येक सूत्राखाली येईल. वर्गात मी स्वतः 'अ अधिक ब चा वर्ग' असंच म्हणत आले, इतकी वर्षं.

---

जांभूळपाणी

ताई, शब्दांबद्दल बोलायचं होतं. माझा मुलगा सेमी इंग्रजीत आहे. गणित इंग्रजीतून, बाकी मराठीतून. घरी मी माझ्या शाळेतलं मराठी गणित सांगते आणि तो म्हणतो 'आई, हे काय आहे?' परवा समरूप आणि एकरूप यावरून अर्धा तास गेला. त्याला सिमिलर आणि काँग्रुअंट माहीत होतं, मला समरूप आणि एकरूप, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कळेना. शेवटी कागदाचे त्रिकोण कापले.

---

पेडण्याची वाट

+१. आमच्याकडे गोव्यात प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणीतून आणि पाचवीपासून पुस्तक इंग्रजी. मुलाला पाढे मराठीत, प्रश्न इंग्रजीत. दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी असलेली यादी केलीत तर इकडेही वापरली जाईल.

---

पाटीपेन्सिल

शब्दांच्या यादीचं काम मी टाळत होते, पण आता टाळणार नाही. मराठी माध्यमातल्या मुलांनाही ती लागते आहे. आपल्या भाषेत प्राइम नंबर म्हणजे मूळ संख्या, समीकरणाच्या उत्तरांना मुळे म्हणतात, आणि वर्गमूळ वेगळंच. एका मुलीनं त्या बटणाबरोबरच्या रिकाम्या ओळीत लिहिलं होतं: 'वर्गसमीकरणाची मुळे मूळ संख्याच असतात का?' तिनं क्ष वर्ग वजा ५ क्ष अधिक ६ सोडवलं होतं, मुळे २ आणि ३. दोन्ही मूळ संख्या! तिला पुरावा मिळाला होता. मी लगेच दुसरं दिलं, क्ष वर्ग वजा ५ क्ष अधिक ४, मुळे १ आणि ४. त्यातली एकही मूळ संख्या नाही. पण तिचा प्रश्न इतका नेटका होता की मी तो पानावर जसाच्या तसा ठेवला.

---

आडवाटेचा

वाचतोय. जाहिरातीबद्दल माझं मत बदललं, ओसरींनी लिहिलेला कायद्याचा भाग माहीत नव्हता. पण एक शंका राहतेच. आता मुलं प्रश्नाचा फोटो काढतात आणि ॲप पूर्ण उत्तर पायऱ्यांसकट देतं. मग हे सगळं कोणासाठी?

---

रात्रीचा वर्ग

याचं उत्तर मी देतो. मुंबईत रात्रशाळेत शिकवतो. माझी मुलं दिवसा कुरिअर पोचवतात, हॉटेलात काम करतात, साडेसहाला वर्गात येतात. फोटो काढून उत्तर मिळवणं त्यांना माझ्याआधी आलं. वहीत सुंदर पायऱ्या असतात. मग मी विचारतो, तिसऱ्या ओळीत चिन्ह का बदललं? गप्प. ॲप तुम्हाला बरोबर उत्तर देतं, पण तुमचं चुकलेलं उत्तर ते बघतच नाही, कारण तुम्ही ते त्याला दाखवतच नाही. ताईंची चौकट आधी तुमचं उत्तर मागते. मला फरक दिसतो तो इथे.

पहिल्या दिवशी मी ६१७४ करून घेतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. पुन्हा करा. ३५२४ घेतलीत तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे तीच येत राहते. जास्तीत जास्त सात फेऱ्या. हे शोधणारे द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, हे सांगितलं की मागच्या बाकावरचे पुढे सरकतात. आणि गंमत बघा, ज्याची वजाबाकी चुकते त्यालाही कधी कधी कळतं, सात फेऱ्या झाल्या तरी ६१७४ आली नाही की. तो स्वतःच मागे जाऊन चूक शोधतो. मी सांगावं लागत नाही.

---

उंबरठा

मी फारशी लिहीत नाही. माझं लग्न नववीनंतर झालं. अडतिसाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसले आणि पास झाले. गणिताचीच भीती होती. क्लासला जायची लाज वाटायची, सगळी मुलं माझ्या मुलीच्या वयाची. तुमच्या साइटवर मी तेच उदाहरण अकरा वेळा चुकवलं. प्रत्येक वेळी तिथे लिहिलेलं होतं की बहुतेक असं झालं असेल, पुन्हा बघा. कोणी आवाज चढवला नाही. त्या क्लासवाल्यांना साइट देऊ नका एवढंच म्हणायला आले.

---

पाटीपेन्सिल

उंबरठा, काय लिहू. नाही देत. त्यांना आजच कळवते.

आता दोन-तीन गोष्टी ठरवल्या आहेत, त्या इथेच लिहिते म्हणजे मागे हटता येणार नाही. पासवर्ड आणि डोमेनची माहिती ओसरींना आणि माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेला देते. साइटवरची माझी सगळी पानं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवते, श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा असा जो प्रकार आहे तो. मग मी नसले तरी कोणीही उचलून पुढे नेऊ शकेल. इथे एक खुलासा: बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, पण त्यांचे हक्क मंडळाकडे आहेत. म्हणून पुस्तकातली उदाहरणं मी उतरवत नाही, सगळी स्वतः रचते. मदतीला येणाऱ्यांनीही तसंच करायचं.

आणि दुरुस्त्यांचं पान. त्यामागची हकीकत सांगते. महत्त्वमापनाच्या एका उदाहरणात वृत्तचितीचा व्यास १४ सेंमी, उंची १० सेंमी. मी घनफळ काढताना त्रिज्येच्या जागी १४ घातले आणि ६१६० घन सेंमी लिहून मोकळी झाले. ते आठ महिने तसंच होतं. बरोबर उत्तर १५४० लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला माझी साइट 'चूक' सांगत होती. शेवटी एका मुलानं लिहिलं, 'बाई, तुमचं उत्तर चौपट आहे, तुम्ही व्यास घेतला.' माझी चूक त्यानं माझ्याच पद्धतीनं मला समजावली. तेव्हापासून चूक गुपचूप बदलायची नाही, तारीख घालून दुरुस्तीच्या पानावर लिहायची असा नियम केला. त्या आठ महिन्यांत किती मुलांनी आपल्या बरोबर उत्तरावर काट मारली असेल, हा विचार अजून छळतो.

---

जांभूळपाणी

अर्थनियोजनाचा धडा बघाल का? मुलानं घरची बिलं काढली आणि विचारलं, यात जीएसटीचे १२ टक्के कुठेच का नाहीत.

---

पाटीपेन्सिल

हो, तो धडा सगळ्यात लवकर शिळा होतो. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला, पुढच्याच वर्षी तो दहावीच्या पुस्तकात होता. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, आता मुख्यतः ५ आणि १८. उदाहरणात दर दिलेला असतो, त्यामुळे परीक्षेत अडत नाही. पण माझ्या पानावर 'घरचं बिल घ्या आणि पडताळा' असं लिहिलेलं आहे, म्हणजे मुलानं केलं ते अगदी बरोबर केलं. राज्यातल्या राज्यात खरेदी असेल तर १८ टक्क्यांतले ९ केंद्राचे आणि ९ राज्याचे, ही विभागणी बिलावर दिसते का ते त्याला बघायला सांगा. पान या आठवड्यात बदलते.

---

रात्रीचा वर्ग

मला दर आठवड्याला पाच चुकीची उत्तरं पाठवा. माझ्या वर्गात विचारून सूचना लिहून देतो. मुलांनाच विचारतो, हा आकडा कसा आला असेल. ती बरोबर ओळखतात, स्वतः त्याच वाटेनं गेलेली असतात.

---

डोंगरवाट

मीही घेतो. तोडलेल्या वाक्यांचं काम माझ्याकडे द्या.

---

दहावी ब

नमस्कार बाई. मी दहावीत आहे, आईच्या आयडीवरून लिहितोय, तिला विचारून. मला पण त्या दोन अंकीवाल्यात १२ आलं होतं, मग खांबांचं चित्र बघितलं. आता मी स्वतः तीन अंकीचं केलं. ७ ने भाग जाणाऱ्या, १०५ पासून ९९४ पर्यंत. मला १२८ आलं. माझ्या मोठ्या भावाला १२७ येतंय आणि तो अकरावी सायन्सला आहे. कोणाचं बरोबर?

---

पाटीपेन्सिल

तुझं. ९९४ वजा १०५ म्हणजे ८८९, भागिले ७ म्हणजे १२७ अंतरं, आणि खांब १२८. पण भावाला नुसतं 'चुकलास' म्हणू नकोस. त्यानं १२७ कसे काढले ते त्याच्याकडून लिहून घे आणि इथे टाक. तुझं उदाहरण मी साइटवर घेते आहे, त्याला १२७ साठीची सूचना लागेल.